फेब्रुवारीतलं होक्काइदो आणि रामेनचे वाडगे

टोकियोत रामेन, म्हणजे गरम सुपातल्या गव्हाच्या नूडल्सचा वाडगा, बारा महिने मिळतं आणि बारा महिने खाल्लं जातं. पण माझा जीव जडलाय तो होक्काइदोच्या रामेनवर. जपानच्या या उत्तरेकडच्या बेटावरचं रामेन तिथे जाऊन, भर हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असताना खावं, असं माझं ठाम मत आहे. त्याची बांधणीच थंडीसाठी झालेली आहे. सुपावरचा चरबीचा थर, मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा) दाटपणा, वाडग्याची जाडी, दुकानाचा आकार, सगळ्याला उणे तापमानाचा संदर्भ आहे. टोकियोच्या मे महिन्यात तोच वाडगा जड वाटतो.

यंदा कोल्हापूरहून माझी मोठी बहीण आली होती. घरात पंचवीस माणसांचा तांबडा-पांढरा एकटीच्या हिंमतीवर उतरवणारी बाई. रश्श्याच्या बाबतीत तिचा शब्द आमच्याकडे अखेरचा. तिला क्योतोची देवळं दाखवायची की होक्काइदोचं रामेन, असा प्रश्न पडला तेव्हा मी दुसरा पर्याय निवडला आणि तिनेही तो आनंदाने उचलला. बायको शाकाहारी, शिवाय तिला ऑफिस. ती टोकियोतच थांबली.

आधीच सांगून टाकतो: या सगळ्या वाडग्यांत डुकराचं मांस, हाडं किंवा चरबी असते. काही ठिकाणी तिन्ही. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी शेवटच्या दिवसात एक जागा सांगितली आहे.

बुधवार : सप्पोरो, सुसुकिनो

हानेदाहून विमानाने दीड तासात न्यू चितोसे, तिथून रेल्वेने पाऊण तासाच्या आत सप्पोरो. खिडकीबाहेर रुळांच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या भिंती. सप्पोरोत एका हिवाळ्यात सगळा मिळून पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, आणि तो जवळजवळ वीस लाख वस्तीच्या शहरात पडतो. ताईला हे पटायला वेळ लागला. एवढ्या बर्फात लोक ऑफिसला जातात, पोरं शाळेत जातात, दुकानं वेळेवर उघडतात.

स्टेशनपासून ओदोरीपर्यंत जमिनीखालून रुंद पादचारी मार्ग आहे, २०११ साली सुरू झालेला. तिथून पुढे भुयारी बाजारातून चालत थेट सुसुकिनोपर्यंत जाता येतं. म्हणजे अर्ध्या तासाची चाल, आणि एकदाही बर्फाला पाय लागत नाही. आम्ही तसेच गेलो. मग शेवटच्या जिन्याने वर आलो आणि उणे सात अंशांची हवा तोंडावर आदळली. नाकातले केस ताठ होतात हे ताईने पहिल्यांदा अनुभवलं. "अरे, श्वास घ्यायचा तरी कसा?" मी म्हटलं, मफलर नाकावर घे आणि चल, दोन मिनिटांचा रस्ता आहे.

सुसुकिनोमधली रामेन गल्ली, म्हणजे रामेन योकोचो, ही इतकी अरुंद आहे की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. दोन्ही बाजूंना दीडेक डझन दुकानं, प्रत्येकात आठ-दहा माणसं बसतील एवढी एक फळी. दुसऱ्या महायुद्धानंतर ईशान्य चीनमधल्या मांचुरियातून परतलेल्या लोकांनी सप्पोरोत गाड्यांवर रामेन विकायला सुरुवात केली. १९५१ साली त्यातल्या काहींची एक गल्ली उभी राहिली. १९७२च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी शहराची मोडतोड-बांधणी सुरू झाली तेव्हा ती गल्ली गेली, आणि १९७१ साली सध्याची उभी राहिली.

चुकीचं दुकान निवडू या भीतीने लोक इथे फोन काढून रेटिंग वाचत उभे राहतात. थंडीत ते करू नये. ज्या दुकानाच्या काचेवर आतून सगळ्यात जास्त वाफ धरली असेल तिथे शिरावं. आम्ही तेच केलं.

फळीपलीकडे आजोबांच्या वयाचे गृहस्थ एकटेच काम करत होते. सप्पोरोच्या मिसो रामेनची खरी गंमत बघण्यात आहे, म्हणून फळीवरच बसायचं. लोखंडी कढई धुरावेपर्यंत तापवली, तीत डुकराची चरबी, लसूण, खिमा, मग कांदा आणि ओंजळभर मोड आलेले मूग. चार-पाच वेळा कढई उडवली. मग मिसो. तो कढईला लागून किंचित करपल्याचा वास आला आणि लगेच वरून हाडांचं सूप ओतलं. फस्सकन आवाज, छतापर्यंत वाफ, आणि सगळं खळाखळा उकळायला लागलं. जपानात बाकी बहुतेक ठिकाणी वाडग्यात मसाल्याचा अर्क घालतात आणि त्यावर सूप ओततात. इथे मात्र सूप कढईतून उकळतं थेट वाडग्यात येतं. हा जो शेवटचा उकळीचा टप्पा आहे, त्याने वाडगा जास्त वेळ गरम राहतो.

ताई उठून उभी राहिली होती, कढई नीट दिसावी म्हणून. "हे बघ, मिसो आधी भाजून घेतलाय. कच्चा टाकला नाही. शिकलेला माणूस आहे."

आम्ही लोणी आणि मक्याचे दाणे घातलेलं मागवलं. यावर नाक मुरडणारे बरेच आहेत, पर्यटकांसाठीचा प्रकार म्हणून. मला तसं वाटत नाही. होक्काइदो दुधाचा आणि मक्याचा प्रदेश आहे, आणि खारट मिसोत वितळत जाणारं लोणी उणे सातमध्ये फार समजूतदार लागतं. फक्त लोणी लगेच ढवळू नये. आधी अर्धं रामेन तसंच खावं, मग ढवळावं. एका वाडग्यात दोन चवी मिळतात.

गुरुवार : सप्पोरो

सकाळी ओदोरी बागेत गेलो. स्नो फेस्टिव्हल नुकताच संपला होता आणि मोठ्या बर्फशिल्पांच्या जागी ढिगारे उरले होते. १९५० साली शाळकरी मुलांनी या बागेत सहा शिल्पं केली, तिथून हा उत्सव सुरू झाला. गर्दी ओसरल्यावर आलो याचं मला समाधान होतं. हॉटेलं स्वस्त होतात आणि रामेनच्या रांगा निम्म्यावर येतात.

दुपारी 'आजि नो सानपेइ'. मिसो रामेनचा उगम इथला. मालक ओमिया मोरितो यांनी १९५०च्या दशकात मिसोच्या सुपात नूडल्स घालून बघितल्या आणि कितीतरी प्रयोगांनंतर ती पदार्थसूचीवर आली. एका गिऱ्हाइकाने डुकराच्या मांसाच्या मिसो सुपात नूडल्स घालून द्या म्हणून हट्ट केला, त्यातून हे निघालं, अशी कथा सांगतात. दुकान आहे एका स्टेशनरीच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. पेनं, वह्या, रंग, जपानी कागद यांचे मजले चढत जायचं आणि एकदम मिसो-लसणाचा वास यायला लागतो. वही-पेन्सिली घ्यायला आलेली माणसं आणि रामेनच्या रांगेतली माणसं एकाच सरकत्या जिन्यावर.

रांगेत अर्धा तास गेला. आत गेल्यावर पूर्ण शांतता. कढई, उकळी आणि भुरके एवढेच आवाज. इथला वाडगा कालच्यापेक्षा हलका. वर मांसाचा काप नाही. खिमा, कांदा, मोड, मेन्मा म्हणजे आंबवून वाळवलेले बांबूचे कोंब. तिखटपणाची एक अगदी बारीक रेघ. मिसो पुढे पुढे करत नाही. ज्या वाडग्याची नक्कल अर्ध्या जगाने केली त्याचं मूळ इतकं संयमी असावं याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं. नकला करणाऱ्यांनी चरबी वाढवली, लसूण वाढवला, मांस वाढवलं. मुळात हा जेवणाचा वाडगा होता, रोज खाता येईल असा.

नूडल्सबद्दल थांबून सांगायला हवं. सप्पोरोच्या नूडल्स जाडसर, कुरळ्या आणि पिवळ्याधमक. ओमियांनी निशियामा सेइमेन या शहरातल्या नूडल्स करणाऱ्यांबरोबर बसून त्या बसवल्या. पिठात पाण्याचं प्रमाण जास्त ठेवतात आणि केल्यावर काही दिवस मुरवतात, त्याने चिवटपणा येतो. कुरळेपणामुळे दाट सूप नूडलला धरून राहतं. सगळ्याच रामेनच्या पिठात 'कानसुइ' नावाचा क्षार पडतो, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचा. आपल्या पापडखाराच्या जातीचाच. त्याने गव्हाचं पीठ पिवळं होतं आणि दाताला लवचिक लागतं. ताईने नूडल चिमटीत धरून ताणून बघितली आणि मान हलवली.

भुरका मारायला मात्र ती आधी संकोचली. लहानपणी आमटीचा भुरका मारला की आई डोळे वटारायची. इथे शेजारी टाय घातलेला कर्मचारी, पलीकडे सत्तरीच्या आजी, सगळे बिनधास्त. नूडलबरोबर हवा आत गेली की नूडल तोंडापर्यंत येताना थोडी निवते आणि वास नाकात चढतो. शांतपणे चावून खाल्लं तर जीभही भाजते आणि चवही अर्धीच कळते. तिसऱ्या घासाला ताईचा भुरका असा लागला की शेजारच्या आजींनी कौतुकाने बघितलं.

संध्याकाळी बर्फ वाढला. एवढ्या बर्फात बाहेर पडायचं कारण होतं 'सुमिरे'. १९६४ साली सुरू झालेल्या या घराण्याने सप्पोरोच्या मिसोला दुसरं टोक दाखवलं. १९९४ साली योकोहामात रामेन संग्रहालय उघडलं तेव्हा तिथे यांचं दुकान होतं, आणि त्यानंतर देशभर त्यांचं नाव झालं.

वाडगा समोर येतो तेव्हा त्यातून वाफ येत नाही. ताईने विचारलं, "गार आणून दिलंय का?" मी तिचा हात धरला. वर चरबीचा जवळजवळ अर्ध्या बोटाचा थर असतो, त्याखाली सूप उकळत्याच्या जवळ. वाफेला बाहेर पडायला वाटच नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला हे कुणीतरी सांगितलंच पाहिजे, नाहीतर जीभ पोळलीच म्हणून समजा. पंधरा मिनिटांनी, वाडगा संपत आलेला असतानाही तळाचं सूप गरम होतं. वर मांसाच्या कापावर किसलेलं आलं ठेवलेलं असतं. ते शेवटी शेवटी सुपात विरघळवायचं. इतका वेळ जड असलेलं सूप एकदम मोकळं होतं.

परत येताना ताईने जे सांगितलं त्याने माझं रामेन समजणं पक्कं झालं. कोल्हापुरात मटण शिजलं की आधी अळणी निघतं. त्या एकाच अळणीतून एकीकडे मिरची-मसाल्याचा तांबडा होतो, दुसरीकडे नारळाच्या दुधाचा, खसखशीचा पांढरा. "यांचं पण तसंच आहे बघ. मोठ्या पातेल्यात अळणी शिजतंय, त्याला मीठ नाही. मिसो घातला की एक, सोया घातला की दुसरं, नुसतं मीठ घातलं की तिसरं. अळणी जमलं तर सगळं जमलं." रामेनवर वाचलेल्या लेखांत मसाल्याचा अर्क, सूप, सुगंधी तेल, नूडल्स, वरचं साहित्य असे पाच भाग पाडलेले असतात. ताईने ते न वाचता दोन दिवसांत नेमकं मुळाला बोट लावलं.

शुक्रवार : असाहिकावा

सप्पोरोहून एक्स्प्रेसने साधारण दीड तास ईशान्येला. असाहिकावा डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात आहे, समुद्रापासून लांब, आणि गार हवा तिथे साचून राहते. २५ जानेवारी १९०२ रोजी इथे उणे ४१ अंश नोंदवले गेले. जपानमधल्या अधिकृत नोंदींतलं हे सगळ्यात कमी तापमान. आम्ही उतरलो तेव्हा उणे चौदा होतं आणि लखलखीत ऊन. अशा उन्हात हवेतल्या ओलाव्याचे बारीक स्फटिक होऊन चमकतात. ताई रस्त्यात उभी राहून वर बघत होती.

ही थंडी सप्पोरोपेक्षा वेगळी आहे. सप्पोरोची बर्फाची, ओलसर. इथली कोरडी, हाडात शिरणारी. आणि इथल्या सुपाचा स्वभावही वेगळा. सप्पोरोत मिसो, इथे सोया सॉस. हाडांचं सूप आणि माशांचं सूप अशी दोन सुपं वेगवेगळी शिजवून एकत्र करतात. नुसत्या डुकराच्या हाडांचा उग्र वास सुकवलेल्या माशांनी कापला जातो. समुद्र दूर असला तरी सुका मासा टिकतो आणि पोचतो. वर चरबी, सूप झाकून ठेवायला.

'हाचिया' आणि 'आओबा' ही दोन्ही दुकानं १९४७ सालची. युद्ध हरलेल्या देशात धान्याची टंचाई असताना, या थंडीत, दोघांनी हाडं आणि सुके मासे एकत्र शिजवायला घेतले. त्या दोन भांड्यांतून या शहराची चव ठरली.

हाचियात शिरलो. इथली चरबी करपवलेली असते, मुद्दाम. काळपट तेल, आणि पहिल्या चमच्यालाच जळकट, मग मागून माशाचा तीव्र वास. मागवताना चरबी किती हवी ते विचारतात. हा वाडगा सगळ्यांना आवडत नाही. मला पहिल्यांदा खाल्ला तेव्हा कळला नव्हता, आता मात्र मला तो होक्काइदोतला सगळ्यात धाडसी वाडगा वाटतो. ताईने अर्धा वाडगा गप्प बसून खाल्ला. मग म्हणाली, "सुकटीचा वास आहे की रे याला. कोकणातली माणसं वेडी होतील." खरंच आहे ते. ज्याच्या घरी पावसाळ्यात सुकट-जवळा भाजला जातो त्याला हा वास परका वाटणार नाही.

इथल्या नूडल्स सप्पोरोच्या उलट. बारीक, पांढुरक्या, पाण्याचं प्रमाण कमी असलेल्या. कोरड्या असल्यामुळे त्या सूप पितात. सुरुवातीचा घास कडक लागतो आणि शेवटचा सुपाने फुगलेला, त्यामुळे गप्पा मारत खाण्याचं हे काम नव्हे.

दुपारी असाहियामा प्राणिसंग्रहालयात पेंग्विनांची फेरी बघितली. हिवाळ्यात त्यांना व्यायाम म्हणून बर्फावरून फिरवतात, आणि लोक दोन्ही बाजूंना उभे राहतात. पाऊण तासात पायाची बोटं बधिर झाली. बुटात घालायच्या गरम पुड्या, काइरो, कुठल्याही दुकानात मिळतात. त्या घ्याव्यात. बुटाच्या तळाला लावायचे खिळ्यांचे पट्टेही घ्यावेत. चौकातला दाबला गेलेला बर्फ काचेसारखा असतो.

संध्याकाळी आओबा. तोच सोया, तीच दोन सुपं, पण किती सौम्य! कोंबडीची हाडं, कोम्बू हे सुकवलेलं समुद्री शेवाळ, मासे, सगळे एकमेकांत मिसळलेले, कुणाचा एकट्याचा आवाज येत नाही. दुकान लहान, भिंतींवर जुन्या सह्या. एक तरुण आई दोन लहानग्यांना घेऊन बसली होती. एका वाडग्यातून दोन छोट्या वाट्यांत नूडल्स काढून फुंकर घालत होती. पोरांच्या गालांवर लाल चट्टे, बर्फात खेळून आलेली. पर्यटकांनी कितीही याद्या केल्या तरी ही दुकानं मुळात अशा घरांची आहेत, आणि जागा भरलेली असेल तर त्यांना आधी बसू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

'सान्तोका' हे आता जगभर पसरलेलं नावही इथलंच, १९८८ सालचं. पांढरट खारं सूप आणि मध्यभागी एक इवलंसं आंबट उमे, म्हणजे खारवलेलं जपानी फळ. पोटात जागा नव्हती. टोकियोतही मिळतं म्हणून सोडलं.

शनिवार : मुरोरानवरून हाकोदाते

दिवसभर गाडीत. असाहिकावाहून सप्पोरो, तिथून हाकोदातेकडे जाणारी होकुतो एक्स्प्रेस. मध्ये हिगाशी-मुरोरानला उतरलो. मुरोरान हे पोलादाचं बंदर, १९०७ सालापासून इथे पोलादाचा कारखाना आहे. आणि इथलं रामेन आहे करीचं.

भारतीय माणसाला करी रामेन म्हटलं की शंका येते. ती बाजूला ठेवावी. जपानी करी ही गोडसर, दाट, पिठाने घट्ट केलेली. तिचं सूप करून त्यात जाड कुरळ्या नूडल्स, वर मांसाचा काप, मोड आणि वाकामे हे समुद्री शेवाळ. समुद्रावरून येणारा वारा त्या दिवशी उभं राहू देत नव्हता. करीचा दाटपणा इथे चरबीच्या थराचं काम करतो. सूप निवतच नाही. दुकानात कामगारांचे जाड कोट खुंट्यांवर टांगलेले, सगळे खाली मान घालून खात होते. ताईचं मत: "मसाला भाजलेला नाही, पण या हवेत हेच पाहिजे." मला हा वाडगा चवीपेक्षा त्याच्या गावासाठी आवडला. कामाची पाळी संपवून आलेल्या माणसाला उभं करणारं जेवण आहे ते.

पुढचा प्रवास डाव्या हाताला समुद्र ठेवून. किनाऱ्यापर्यंत बर्फ आणि लगेच काळं पाणी. हाकोदातेला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. डोंगरावरून शहराचे दिवे बघायला रोपवेने गेलो, वारा होता, लवकर उतरलो, झोपलो.

रविवार : हाकोदाते

होक्काइदोतल्या तीन मोठ्या रामेनांपैकी सगळ्यात जुनी परंपरा इथली, आणि ती सगळ्यात कमी चर्चेत असते याचं मला वाईट वाटतं. मिठाचं रामेन, शिओ. त्याला जाहिरातीसारखा रंग नाही, धूर नाही, कढईचा तमाशा नाही.

हाकोदाते बंदर १८५९ साली परदेशी व्यापाराला खुलं झालं, योकोहामा आणि नागासाकीबरोबर. चिनी व्यापारी आले ते मुख्यतः कोम्बू आणि सुकवलेल्या समुद्री मालासाठी. १९१० साली त्यांनी बांधलेली लाल विटांची वास्तू अजून उभी आहे. १८८४ साली इथल्या वर्तमानपत्रात 'योवाकेन' नावाच्या खानावळीची जाहिरात आली: नानकिन सोबा, म्हणजे चिनी नूडल्स, किंमत पंधरा सेन (येनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेन). तो पदार्थ आजचं रामेनच होतं का यावर वाद आहे. पण टोकियोतल्या असाकुसाचं प्रसिद्ध 'राइराइकेन' १९१० सालचं, आणि सप्पोरोत विद्यापीठासमोर 'ताकेया'ने चिनी स्वयंपाक्याला घेऊन नूडल्स विकायला सुरुवात केली ती १९२०च्या दशकात. हाकोदातेच्या वाडग्याची मुळं किती खोल आहेत हे त्यावरून दिसतं.

दुपारी गोर्योकाकु किल्ल्याजवळच्या 'आजिसाइ'मध्ये बसलो. ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्याचा खंदक गोठून पांढरा झालेला. वाडगा आला. सूप इतकं स्वच्छ की तळाच्या नूडल्स मोजाव्यात. डुकराची आणि कोंबडीची हाडं, कोम्बू, मीठ. वर मांसाचा काप, मेन्मा, कांद्याची पात.

ताई चमचा तोंडात घेऊन थांबली. मग दुसरा चमचा. मग म्हणाली, "हे अवघड आहे. हे सगळ्यात अवघड आहे."

तिला लगेच कळलं. हाडं खळाखळा उकळली की चरबी आणि चुरा सुपात फुटून ते गढूळ होतं. ते नितळ ठेवायचं तर तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचं, उकळी फुटू द्यायची नाही, वरचा फेस सतत काढायचा. आणि झाकायला मिसो नाही, करपलेली चरबी नाही, लसूण नाही. हाड जरा शिळं असेल, आच जरा वाढली असेल, तर पहिल्या चमच्यात उघडं पडतं. मिसोच्या वाडग्यात किरकोळ चूक लपते, इथे लपायला जागा नाही. म्हणून मी शिओला होक्काइदोतला सगळ्यात कठीण वाडगा मानतो, आणि माझ्या डोक्यातल्या क्रमात तो मिसोच्या वर आहे. सप्पोरोकरांची माफी मागून.

मग थंडीचं काय? हाकोदातेची थंडी दक्षिणेकडची, समुद्राशेजारची. असाहिकावाच्या मानाने बरीच सौम्य. चरबीचं जाड झाकण इथे लागलं नसावं. पण नुसत्या थंडीने हा वाडगा समजत नाही. बंदर होतं, चिनी स्वयंपाकी होते, आणि दाराशी देशातला उत्तम कोम्बू होता. तीन्ही एकत्र आल्यावर सुपावर आणखी काही घालायची गरजच उरली नाही.

कोम्बूसाठी सकाळच्या बाजारात, आसाइचीत, गेलो. मा-कोम्बूची रुंद, जाड, वर पांढरी पूड धरलेली पानं. १९०८ साली इकेदा किकुनाए यांनी टोकियोत कोम्बूच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. दुकानदारीण बाईंनी कसं वापरायचं ते खुणांनी समजावलं: पुसून घ्या, धुऊ नका, गार पाण्यात रात्रभर, तापवताना उकळी यायच्या आधी काढा, नाहीतर चिकट आणि कडवट. ताईने सगळं वहीत लिहून घेतलं, मराठीत. दोन जुड्या विकत घेतल्या. अळणीत घालून बघणार आहे म्हणाली. पांढऱ्यात आधी, तांबड्यात नंतर.

रात्री स्टेशनजवळ 'जियोकेन'मध्ये गेलो. १९४७ सालचं, घरची नूडल्स करणारं साधं दुकान. इथला शिओ आणखी अंगाबरोबरचा. सरळ, मऊ नूडल्स, सूप गरम पाण्यासारखं साधं दिसणारं, आणि पिताना घोट थांबवता येत नाही असं. मी सहसा सूप पूर्ण संपवत नाही, मीठ फार होतं. जपानातही डॉक्टर हेच सांगतात. इथे तळ दिसेपर्यंत प्यालो. ताईनेही. दोघेही "गोचिसोसामा", म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणून बाहेर पडलो. ट्रामच्या रुळांवर बर्फ झाडणारं यंत्र चाललं होतं, आणि हॉटेलपर्यंतच्या वाटेत आम्हाला मफलर सोडावे लागले इतकं अंग तापलं होतं.

सोमवार : टोकियो

शिन-हाकोदाते-होकुतो स्टेशनहून शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. २०१६ साली ही सोय झाल्यापासून टोकियो चार तासांच्या आसपास. वाटेत सेइकान बोगदा, जवळजवळ ५४ किलोमीटर लांब, समुद्राच्या तळाखालून. त्यातून बाहेर आलो की आओमोरी, आणि पुढे सेन्दाइनंतर शेतं उघडी दिसायला लागतात.

टोकियो स्टेशनवर बायको आली होती. शाकाहारी मंडळींसाठी सांगायची राहिलेली जागा हीच: स्टेशनच्या तिकीटफाटकांच्या आत, केइयो स्ट्रीटवर 'टीज तानतान'. इथे मांस, मासा, अंडं, दूध यातलं काहीही नसतं. जपानात नुसतं 'भाजीचं रामेन' म्हणून मागवलं तर सूप हाडांचं किंवा माशांचं निघतं. इथे ती काळजी नाही. सूप तिळाचं, पांढऱ्या किंवा काळ्या, त्यात मिरचीचं तेल आणि सोयाचा खिमा. बायकोचं हे ठरलेलं ठिकाण. ताईने तिच्या वाडग्यातला चमचाभर चाखला आणि दाटपणा तिळाच्या कुटाचा आहे हे न सांगता ओळखलं. मग स्वतःसाठीही एक मागवला.

खाता खाता पुढच्या हिवाळ्याचं ठरलं. फुकुशिमातल्या किताकाताला जायचं. तिथे नूडल्स चपट्या, जाड आणि कुरळ्या असतात, सूप डुकराचं आणि सुक्या माशांचं पण हलकं, आणि लोक सकाळी सातला, कामावर जायच्या आधी, रामेन खातात. ताई म्हणाली, आपल्याकडे पहाटे मिसळ खाणारे आहेत, मग यात काय विशेष. जानेवारीची तिकिटं ती कोल्हापूरला पोचल्या पोचल्या बघणार आहे.